पुन्हा पहिलीत

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. बोलता बोलता मी थांबले, एखादा शब्द शोधत राहिले, तर कुणी तो पटकन पुरवू नका. उत्तर आठवत असलेल्या मुलाला शेजारच्यानं ते सांगून टाकलं की त्याला जसा राग येतो, तसा मला येतो. माझा शब्द मला सापडतो. जरा वेळ लागतो, एवढंच.

माझ्या मागचा फळा तुम्ही सकाळपासून पाहताय. ‘सुस्वागतम्’ मधला ‘सु’ मोठा आणि ‘म’ अगदी लहान झालाय. शिरोरेघ सरळ निघाली आणि मग उतारावर लागली. चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारलं, “या वेळी फळा कुणी लिहिला गं? तू का नाही लिहिलास?” त्यांचं बरोबर आहे. आठवी ते दहावी या शाळेच्या दर्शनी फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे. आपले चित्रकलेचे सर म्हणायचे, “पट्टी लावून बघा, हिची ओळ हलत नाही.” तर मंडळी, हा फळाही मीच लिहिलाय. डाव्या हातानं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या अक्षराचं कौतुक व्हावं तसं नव्हे, पण पहिलीतल्या मुलाला बाई ‘छान’ म्हणतात, तेवढं तरी म्हणा.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, “तू नोकरीतले अनुभव सांग.” मी १९९३ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला सगळ्यात मोठा धडा शिकायला मिळाला तो शिकवताना नव्हे, पुन्हा पहिलीत बसताना. तोच सांगते.

२०१८ चा जून महिना. शाळा सुरू होऊन दहाएक दिवस झाले होते. नवीन मुलं अजून रडत येत होती. परिपाठ झाला, मी वर्गात आले, फळ्यावर तारीख लिहायला लागले आणि हातातला खडू पडला. वाकून उचलायला गेले, तर बोटं खडूपर्यंत पोचली, पण मिटेनात. मुलांना वाटलं बाई काहीतरी खेळ करून दाखवताहेत. ती हसली. मी दुसरा खडू घेतला, तोही पडला. मुलं आणखी हसली. मी काहीतरी बोलले, ते मला बरोबर वाटलं, पण पुढच्या बाकावरची मुलगी एकदम गप्प झाली आणि शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलवायला पळाली.

सर आले. म्हणाले, “बाई, दवाखान्यात चला.” मी मान हलवली. रात्री झोप झाली नव्हती, उपासाचा दिवस होता, चक्कर आली असेल, असं मनात धरलं. खुणेनं सांगितलं की जरा पडते. ऑफिसातल्या बाकावर पडले. डोळा लागला. उठले तेव्हा उजवा पायही माझं ऐकत नव्हता. मग धावपळ झाली. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाच-सहा तास उलटून गेले होते.

आपल्या वयाचे सगळे इथे बसलेत, म्हणून हे सविस्तर सांगते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पक्षाघात होतो. ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून गुठळी आहे की रक्तस्राव हे बघावं लागतं. म्हणजे घरी किंवा शाळेत ‘जरा पडण्या’त गेलेला वेळ मेंदूचाच जातो. माझा तसा गेला. आणि दुसरी गोष्ट, जी मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. मला रक्तदाबाची गोळी चालू होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती संपली, मी परत आणली नाही. काही त्रास होत नव्हता ना! रक्तदाब वाढलेला असला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. आरोग्य तपासणीच्या वेळी पालकांना मीच सांगायचे. पण स्वतःच्या बाबतीत चालढकल केली.

डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. त्यामुळे माझा हात गेला, पाय गेला आणि बोलणंही गेलं. समोरचा काय म्हणतो ते कळायचं, पण माझा शब्द बाहेर येताना बदलायचा. मला ‘पाणी’ हवं असायचं, तोंडातून ‘पाटी’ यायचं. यजमानांना हाक मारायला जायची आणि मुलीचं नाव घ्यायची. आयुष्यभर मुलांना शब्द शिकवले, आणि आता माझ्याकडे एक शब्द धड नव्हता.

दवाखान्यात एक गंमत झाली, ती आपल्या गणिताच्या सरांसाठी सांगते. सर, तुम्ही पुढच्या रांगेत आहात म्हणून मुद्दाम सांगते. वाचा-उपचार करणाऱ्या ताई आल्या. त्यांनी माझं नाव विचारलं. मला सांगता येईना. वार विचारला, येईना. मग त्या म्हणाल्या, “पाढे येतात का?” आणि त्यांनी नुसतं ‘सतरा एके’ म्हटलं. मी सुरू झाले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, थेट सतरा दाहे सत्तर्याशेपर्यंत, न अडखळता! यजमान उभे राहून रडायला लागले. सर, सतराचा पाढा चुकला म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या दिवशी ते सगळं फिटलं. त्या ताईंनी समजावून सांगितलं की, लहानपणी घोकलेलं, चालीत बसलेलं जे असतं, ते बोलण्यासाठी मेंदू वेगळी वाट वापरू शकतो. म्हणून बोलणं गेलेल्या माणसालाही कित्येकदा पाढे येतात, गाणी येतात, प्रार्थना येते. घरी आल्यावर सासूबाई संध्याकाळी हरिपाठ म्हणायला बसल्या आणि मी त्यांच्याबरोबर म्हणत गेले. दिवसभर मुकी असलेली बाई संध्याकाळी अर्धा तास बोलत होती. देव आहे की नाही, यावर इथे दोन गट पडतील, त्यात मी शिरत नाही. माझी श्रद्धा त्या वेळी फार साधी झाली होती. आपलं सगळं गेलेलं नाही, कुणीतरी कधीतरी पेरलेलं आत शाबूत आहे, एवढीच.

मी घरी आले ते आषाढी वारीचे दिवस होते. आपल्या फलटणला ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी मी तरडगावपासून फलटणपर्यंतचा टप्पा चालायचे. त्या वर्षी ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं होतं. माणसांचा पूर वाहत होता आणि मला वाटत होतं, विठोबानं मलाच का बसवलं? तेवढ्यात एक म्हातारी वारकरीण ओट्यावर टेकली. पाय फोडांनी भरलेले. मुलीनं गरम पाणी आणि तेल आणून दिलं. ती पायाला तेल चोळत बसली, अगदी लेकराला चोळावं तसं. माझ्या मुलीनं विचारलं, “आजी, अजून किती चालायचं?” ती म्हणाली, “उद्या बरड.” मुलगी म्हणाली, “तसं नाही, पंढरपूर किती लांब आहे?” “ते कोण मोजतंय बाई? उद्या बरड.” मग पायाकडं बघत म्हणाली, “आज हा म्हणतोय बस, म्हणून बसले. ह्याच्यावर चिडून उद्या चालणार कोण?”

तिनं हे मला उपदेश म्हणून सांगितलं नव्हतं. तिला माझं काय झालंय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तेल लावून झालं, उठली, गेली. मलाही ते त्या दिवशी समजलं असं नाही. पटायला फार वेळ लागला. कारण मी माझ्या हातावर सतत चिडलेलीच होते.

व्यायाम सुरू झाले. पाय हळूहळू धरायला लागला. तीन महिन्यांत काठी घेऊन घरात फिरायला लागले. बोलणंही परतत होतं. पण उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. मग ठरलं की डाव्या हातानं लिहायला शिकायचं. मुलीनं दुरेघी वही आणली. तीच, जी मी पहिलीच्या मुलांना आणायला सांगते. आणि मी ‘अ’ गिरवायला बसले.

डाव्या हातानं देवनागरी लिहिणं किती अवघड आहे, ते लिहून बघा. उजव्या हातानं आपण शिरोरेघ ओढतो, डाव्या हातानं ती ढकलावी लागते. शिवाय आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे लिहिलेल्यावरूनच हात फिरतो. कागदावर शाई पसरते, फळ्यावर तर लिहिलेलं पुसूनच जातं. माझा ‘अ’ कधी आडवा पडायचा, कधी फुटायचा. मी स्वतःला काय काय बोलायचे! ‘एवढंही येत नाही.’ ‘गोळी घेतली असतीस तर ही वेळ आली नसती.’ ‘त्या दिवशी झोपून राहिलीस, आता भोग.’ रोज सकाळी व्यायामाआधी हा पाठ व्हायचा. एका संध्याकाळी मी वही भिंतीवर फेकली.

मुलगी तेव्हा बारावीत होती. तिनं वही उचलली, पान सरळ केलं आणि म्हणाली, “आई, तू वर्गात मुलांच्या वह्या अशा फेकतेस का?”

मी गप्प. पंचवीस वर्षांत मी एकाही मुलाची वही फेकली नव्हती. ज्याचा ‘अ’ फुटला त्याला मी कधी ‘एवढंही येत नाही’ म्हटलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसायचे, त्याचा हात हातात घ्यायचे. एका पानावर वीस ‘अ’ असतील, तर त्यातला एक बरा शोधून त्याला लाल गोल करायचे आणि म्हणायचे, “हा बघ, हा तुलाच आला. आता असाच अजून एक.” पालक तक्रार करायचे, “बाई, ह्याला जरा दटावा.” मी म्हणायचे, “दटावलं की हात आखडतो. आखडलेल्या हातानं अक्षर येत नाही.” हे मला पाठ होतं. फक्त ते स्वतःला लागू पडतं, हे माहीत नव्हतं.

मुलीनं लाल पेन घेतलं, माझ्या पानावरचा एक ‘अ’ शोधला, त्याला गोल केला आणि खाली लिहिलं, ‘छान. पुढची ओळ घ्या.’ माझंच वाक्य. तिच्या लहानपणी तिच्या वहीत मी लिहायचे ते.

मित्रहो, मला जे सांगायचं होतं ते एवढंच आहे. आयुष्यात अचानक काहीतरी उलटंपालटं होतं, तेव्हा आपण एकदम नवशिके होतो. कुणाची नोकरी जाते, कुणाचा जोडीदार जातो, कुणाच्या धंद्याचं गणित चुकतं. आपल्या या वर्गातल्या किती जणांनी काय काय सोसलंय, ते सकाळपासून ऐकतेय. आणि आपण त्या नवशिक्या माणसाशी, म्हणजे स्वतःशी, जसं बोलतो तसं आपण परक्याच्या पोराशीही बोलणार नाही.

याचा अर्थ चूक झाकायची असा नाही. मी गोळी सोडली ती चूकच होती. पहिलीतल्या मुलानं ‘ब’ च्या जागी ‘व’ काढला, तर मी त्याला बरोबर म्हणत नाही. चुकलं ते दाखवते. पण त्या एका चुकीसाठी त्याला वर्षभर कोपऱ्यात उभं करत नाही. चुकलं, कळलं, आता पुढची ओळ. गोळी मी आता रोज सकाळी चहाआधी घेते. तेवढं प्रायश्चित्त पुरे आहे.

नोकरीचं काय करायचं, हा प्रश्न होता. जवळच्या माणसांनीच प्रेमानं सांगितलं, “स्वेच्छानिवृत्ती घे, कशाला ओढाताण?” मी अर्ज लिहायलाही घेतला होता, म्हणजे मुलीकडून लिहून घेत होते. तेव्हा आपल्या या वर्गातलाच एक जण, जो वकील झाला, भेटायला आला. नाव घेतलं तर रागावेल. त्यानं सांगितलं की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम २० आहे. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणावरून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं काम द्यावं लागतं. तो म्हणाला, “अर्ज फाड. थकून सोडायची असेल तर सोड, लाजून सोडू नकोस.” अर्ज मी फाडला. डाव्या हातानं आणि दातानं!

जून २०१९ मध्ये मी वर्गात परतले. पुन्हा पहिलीच मागून घेतली. पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभी राहिले तर पाय लटपटत होते. ‘क’ काढला. एक पोरगा म्हणाला, “बाई, तुमचा क पडतोय.” वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, “हो रे, बाई पण या वर्षी पहिलीत आहे.” त्यांना ते लगेच पटलं. मोठ्यांना समजावायला वर्ष लागलं.

त्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. घरचे त्याला सारखे म्हणायचे, “उजव्या हातानं लिही.” त्यानं मला लिहिताना पाहिलं आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, “बाई, वही अशी तिरकी ठेवा, आणि हात ओळीच्या खाली ठेवा. मग पुसत नाही.” सहा वर्षांचं पोर! मी तसं केलं आणि अक्षर पुसायचं थांबलं. शिरोरेघ मी आता शेवटी काढते, उजवीकडून डावीकडे ओढत. ही माझी स्वतःची युक्ती. त्या मुलाच्या आईला मी शाळेत बोलावलं आणि म्हटलं, “त्याचा हात बदलू नका. माझा बदलावा लागला, म्हणून सांगते.” त्याला आधी कधी कुणी डावखुरी बाई भेटली नव्हती. माझा हात गेला नसता, तर त्याला माझा एवढा उपयोग झाला नसता. म्हणून हात गेला ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी त्या दोन्ही जवळ ठेवल्यात.

मी पूर्ण बरी झाले असंही सांगणार नाही. उजव्या हातानं अजून घास नीट घेता येत नाही. भाकरी थापता येत नाही, ते आता यजमान करतात. त्यांची भाकरी पहिल्या वर्षी माझ्या ‘अ’ सारखी होती, आता गोल येते. दमले की शब्द अजून पळतात. काही संध्याकाळी रडू येतं, तेव्हा रडून घेते. रडणाऱ्या मुलाला मी पहिल्या दिवशी शिकवायला घेत नाही, आधी खिडकीपाशी बसवते. तसंच मीही बसते. दुसऱ्या दिवशी बरड.

शेवटी तीन विनंत्या, बाई म्हणून. घरी गेल्यावर रक्तदाब तपासा आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर ‘जरा पडा’ म्हणू नका. वेळ बघून ठेवा, १०८ ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. आणि तिसरी विनंती, आज रात्री झोपण्याआधी स्वतःच्या पानावरचा एक तरी बरा ‘अ’ शोधा आणि त्याला लाल गोल करा.

आपले सगळे सर आणि बाई, तुम्ही घोकून घेतलेलं अजून शाबूत आहे. त्याबद्दल तुमच्या पाया पडते. मला वाकायला थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा.